घरातील हस्तलिखित तारीख : मालमत्ता की अमानत?

महाडला पूर नवा नाही. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या कुशीत वसलेल्या या शहराने २००५ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी जे पाणी पाहिले, ते येथील कोणतेही कुटुंब विसरणार नाही. त्याच २२ जुलैला तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि डोळ्यांदेखत घरे गाडली गेली. जिथे माणसे वाचवायची असतात, तिथे कागदांची चिंता कोण करील? परंतु पाणी ओसरले, चिखल उपसून झाला, म्हणजे मागे एक वेगळी हानी दिसू लागते. खरेदीखते, निकाहनामे, आजोबांची पत्रे, कुणीतरी हाताने लिहिलेल्या वह्या यांचा लगदा उकिरड्यावर जातो आणि त्याबरोबर घराची स्मृतीही जाते.

वाचकहो, आपण एक कल्पना करू या. आपल्या घराच्या पोटमाळ्यावर, पाणी पोहोचले नाही अशा कोपऱ्यात, फडक्यात बांधलेला एक जाड दप्तर सापडतो. आपले पणजोबा मकतबात मुलांना शिकवीत असत. त्यांनी अनेक वर्षे खपून उर्दूत अरबस्तानची आणि इस्लामची तारीख लिहिलेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जन्मापासून हिजरी ६५६ मध्ये, म्हणजे १२५८ साली, बगदादचा पाडाव झाला तिथपर्यंत, आणि शेवटी कोकणातील मुसलमानांविषयी चार पाने. घरात आनंद होतो. छापून काढावी असे ठरते. मग कुणीतरी ती वाचू लागतो आणि तीन ठिकाणी अडखळतो. एके ठिकाणी पणजोबांनी आपल्या घराण्याची अरबी वंशावळ संशयास्पद आहे असे नोंदवले आहे. दुसऱ्या ठिकाणी मुसलमान सत्ताधीशांनी मुसलमानांवरच केलेल्या जुलमाचे वर्णन आहे. तिसऱ्या ठिकाणी एक चमत्कारिक हकीकत आहे, जी खरी असणे अशक्य वाटते. वडीलधारे म्हणतात, "ही पाने गाळून छापा. घराण्याची आणि दीनची बदनामी कशाला?"

हे दप्तर कल्पनेतले असले तरी प्रश्न कल्पनेतला नाही. पूर्वजांनी लिहून ठेवलेले सत्य आपल्याला नकोसे वाटले, तर ते गाळण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? वारसाहक्काने आपण त्या कागदांचे मालक झालो, हे खरे. पण त्यांवर लिहिलेल्या साक्षीचेही मालक झालो का?

प्रथम अशा तारखांचे मोल पाहू. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे सुमारे ९१६ साली, बगदादचे प्रवासी इतिहासकार अल्-मसऊदी आपल्या किनाऱ्यावर सैमूर या बंदरात आले होते. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्यांनी लिहिले आहे. कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, कुणी बसरा-बगदादचे. इथेच विवाह करून ते स्थायिक झाले होते. मुसलमानांच्या व्यवहारासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमलेला असे आणि त्याला 'हुनरमन' म्हणत. राजा मुसलमान नव्हता, तरी हा अधिकार त्याने मान्य केला होता. कोकणी मुसलमानांच्या इतिहासाचा इतका जुना आणि प्रत्यक्ष पाहून दिलेला दाखला आपल्या हाती आहे, कारण एका माणसाने ते लिहिले आणि नंतर अनेक अनामिक हातांनी त्याची नक्कल केली. त्याच मसऊदींचा 'अखबार अल्-जमान' हा याहून कितीतरी मोठा ग्रंथ मात्र नाहीसा झाला. ज्याची नक्कल झाली ते उरले, ज्याची झाली नाही ते गेले.

आपल्या महाराष्ट्रातही असेच उदाहरण आहे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाने इराणच्या शाह तहमास्पकडे पाठवलेले वकील खुर्शाह बिन कुबाद अल्-हुसैनी यांनी हजरत आदम (अलै.) यांच्यापासून स्वतःच्या काळापर्यंतची तारीख फार्सीत लिहिली. 'तारीख-ए-एलची-ए-निजामशाह' या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे निधन १५६५ मध्ये झाले. निजामशाही संपली, पण ग्रंथ टिकला. त्याची एक हस्तलिखित प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर महाडहून पोलादपूरला जावे. तिथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी संस्कृतात लिहिलेले 'शिवभारत' अपुरे राहिले होते. तेही दूर तंजावरला जपलेल्या हस्तलिखितामुळे वाचले आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्ञानाची अमानत सांभाळणाऱ्याचे उपकार सर्वांवरच असतात, मग लिहिणाऱ्याचा धर्म कोणताही असो.

आता त्या तीन अडचणींकडे वळू.

पहिली अडचण वंशाची. कोकणातील अनेक घराण्यांत आपले पूर्वज अरबस्तानातून, हज्जाज बिन यूसुफच्या जुलमाला कंटाळून आले, अशी परंपरा सांगितली जाते. या परंपरेत तथ्य असूही शकेल. समुद्रमार्गे येणारे अरब इथे स्थायिक झाले, हे तर मसऊदींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पण त्यांनीच चौलच्या मुसलमानांत एक वर्ग 'बयासिरा' या नावाने नोंदवला आहे. हिंदच्या भूमीवर जन्मलेल्या मुसलमानांना ते नाव होते. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीच आपला समाज दोन किनाऱ्यांचा झाला होता. ज्यांच्या माता याच मातीतल्या होत्या, त्यांनी केवळ पित्याकडची बाजू सांगावी आणि मातेकडची विसरावी, हा कोणता न्याय? निरोपाच्या हजमध्ये प्रेषितांनी (स.) स्पष्ट सांगितले की अरबाला गैर-अरबावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व केवळ तकव्याने. मग वंशावळ संशयास्पद आहे असे लिहिणाऱ्या पणजोबांनी आपले काय हिरावून घेतले? त्यांनी काढून घेतला तो केवळ एक पोकळ अभिमान. ते पान गाळणे म्हणजे इस्लामने ज्याला किंमत दिली नाही, त्यासाठी इस्लामने ज्याची आज्ञा दिली ते सत्य विकणे होय.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे, आणि तिच्यामागे धर्माचाच आधार असल्यासारखे वाटते. गीबत हराम आहे. मृतांना वाईट बोलू नका, अशी हदीस आहे. जो मुसलमानाचे दोष झाकील, अल्लाह त्याचे दोष झाकील, असेही सांगितले आहे. सहाबांच्या (रजि.) आपसातील मतभेदांविषयी जीभ आवरावी, ही आपल्या उलेमांची शिकवण आहे. मग इतिहासकाराने मृतांचे दोष लिहावेतच का?

हा आक्षेप आजचा नाही. इमाम सखावी (रह.) यांचे निधन हिजरी ९०२ मध्ये झाले. तारीख लिहिणे म्हणजे गीबत, असे म्हणून इतिहासकारांची निंदा करणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मुहद्दिसांनी तर हा प्रश्न त्याहून कितीतरी आधी सोडवला होता. हदीस सांगणारा माणूस सत्यवचनी आहे की नाही, त्याची स्मरणशक्ती चांगली आहे की नाही, हे त्यांनी नावानिशी लिहून ठेवले. इमाम बुखारींचे गुरू अली बिन अल्-मदीनी (रह.) यांना त्यांच्या पित्याविषयी विचारण्यात आले, कारण पिताही हदीस सांगत असत. प्रथम ते म्हणाले, दुसऱ्या कुणाला विचारा. लोकांनी पुन्हा विचारले. त्यांनी मान खाली घातली, मग वर केली आणि सांगितले की हा दीनचा विषय आहे, माझे वडील कथनात दुर्बल आहेत.

या प्रसंगात लक्षात घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, ते आधी टाळू पाहत होते. पित्याची उणीव सांगण्यात त्यांना कोणताही आनंद नव्हता. दोन, जेव्हा मौनामुळे लोकांची फसवणूक होणार होती, तेव्हा त्यांनी मौन सोडले. गीबत आणि साक्ष यांच्यातील सीमारेषा इथेच आहे. एखाद्याचे खाजगी पाप, ज्याने दुसऱ्या कुणाचा हक्क बुडाला नाही, ते उघडे करणे म्हणजे गीबत. पण ज्याच्या हाती सत्ता होती, ज्याच्या शब्दावर लोकांचे धर्मज्ञान किंवा मालमत्ता अवलंबून होती, त्याची कृती सार्वजनिक असते. जुलूम झाकला तर दोष झाकण्याचे पुण्य पदरी पडत नाही, मजलूमाची साक्ष मात्र दडपली जाते. म्हणून मौनाच्या शिष्टाचाराचा अर्थ इतकाच की आदर सोडू नये, तिखटमीठ लावू नये आणि अंतःकरणांचा निवाडा अल्लाहवर सोडावा. घटना घडलीच नाही असे म्हणावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

कुणी म्हणेल, "आजच्या काळात आपल्याविरुद्ध बोलणारे थोडे का आहेत? आपणच त्यांच्या हाती शस्त्र का द्यावे?" ही भीती खोटी नाही आणि तिची थट्टाही करू नये. पण पवित्र कुरआनची पद्धत पाहा. उहुदच्या युद्धात धनुर्धरांनी जागा सोडली, ही चूक कुरआनने (३:१५२) नोंदवली. शत्रू मक्केत बसून हसतील म्हणून ती लपवली नाही. तबूकच्या मोहिमेत मागे राहिलेल्या तिघांचा उल्लेख सूरह तौबामध्ये (९:११८) आहे. त्यांतील हजरत काब बिन मालिक (रजि.) यांनी आपली कथा स्वतःच्या तोंडाने विस्ताराने सांगितली आणि आपल्याला सत्यानेच तारले असे ते मानत. शिवाय स्वतःच्या, मातापित्यांच्या वा आप्तांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायाची साक्ष द्या, ही आज्ञा (४:१३५) शत्रू नसतानाच्या काळापुरती दिलेली नाही. जो समाज आपल्या चुका स्वतः नोंदवतो, त्याने सांगितलेल्या आपल्या सद्गुणांवरही लोक विश्वास ठेवतात. जो केवळ स्तुती लिहितो, त्याची स्तुतीही कुणी खरी मानत नाही.

तिसरी अडचण अविश्वसनीय हकिकतीची. इथे दोन थोर इतिहासकार आपल्याला दोन गोष्टी शिकवतात. इमाम तबरी (रह.) यांचे निधन हिजरी ३१० मध्ये झाले. त्यांनी आपल्या तारखेच्या प्रारंभीच सांगून टाकले की वाचकाला एखादी बातमी चुकीची वाटली तर तिचा दोष ती सांगणाऱ्यांचा आहे, आपण मिळाली तशी पोहोचवली आहे. म्हणजे नक्कल करताना प्रामाणिकपणा. पुढे १३७७ मध्ये 'मुकद्दमा' लिहिताना इब्न खल्दून यांनी बुद्धीची कसोटी लावली. हजरत मूसा (अलै.) यांच्या सैन्यात सहा लाख योद्धे होते, ही मसऊदींनी दिलेली संख्या त्यांनी नाकारली. इतके सैन्य एका रणांगणावर उभे कसे राहील, आणि काही पिढ्यांत एका कुटुंबाचा विस्तार एवढा कसा होईल, असे त्यांनी विचारले. हे मसऊदी तेच, ज्यांनी चौलचे वर्णन केले. चौल त्यांनी पाहिले होते, ते सैन्य मात्र केवळ ऐकले होते. एकाच लेखकाची एक गोष्ट स्वीकारावी आणि दुसरी नाकारावी, यात त्याचा अनादर नाही. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगणे माणसाला खोटे ठरवण्यास पुरेसे आहे, ही हदीस आणि बातमीची शहानिशा करण्याची सूरह हुजुरातमधील (४९:६) आज्ञा हेच शिकवतात. मोबाईलवर आलेला प्रत्येक संदेश पुढे ढकलणाऱ्या आपल्या पिढीला तर हा धडा अधिकच लागू आहे.

मग त्या दप्तराचे काय करावे? आपल्या परंपरेतच याचे उत्तर आहे आणि ते म्हणजे हाशिया. मूळ मजकूर, म्हणजे मत्न, जसाच्या तसा ठेवावा आणि आपले मत बाजूला समासात आपल्या नावाने लिहावे. पणजोबांचे चुकले असे वाटत असेल तर कारणासह तसे म्हणावे. पण त्यांच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, त्यांचे शब्द पुसूही नयेत. सूरह बकरामध्ये (२:१८१) वसीयत ऐकल्यावर ती बदलणाऱ्याचे पाप बदलणाऱ्यावरच राहील असे बजावले आहे. ती आज्ञा वसीयतीविषयी आहे. परंतु मेलेला माणूस आता उठून "मी असे लिहिले नव्हते" म्हणू शकत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच नाही काय?

राहिले पावसाचे. आपापल्या घरातील, मशिदीतील, मकतबातील जुन्या वह्या एकदा खाली काढून पाहा. ओल आणि वाळवी यांपासून दूर, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी त्या ठेवा. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत कागदच खातो. प्रत्येक पानाची छायाचित्रे घ्या आणि एक प्रत महाडबाहेर, नातेवाइकाकडे किंवा विश्वासाच्या ग्रंथालयात असू द्या. घरात ती लिपी वाचू शकणारे शेवटचे वडीलधारे असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्याकडून वाचून घ्या. मुलांनाही शेजारी बसवा, आणि ते नकोसे पान आले म्हणजे वाचन थांबवू नका.

आपल्यानंतर येणारे आपल्याविषयीही लिहितील. आपण आपल्या पूर्वजांशी जो न्याय करू, त्याच न्यायाची अपेक्षा त्यांच्याकडून करू शकू. अल्लाह आपल्याला सत्याची अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.