गळ्यातली किल्ली

तिसरीच्या वर्गात एकदा मुलांना विचारलं, "शाळा सुटून घरी गेल्यावर सगळ्यांत आधी काय करता?" नालासोपारा पूर्वेची शाळा, वर्गात पन्नासेक मुलं. हातपाय धुतो, जेवतो, खेळतो, अशी उत्तरं येतील असं मी धरून चालले होते. पहिल्या बाकावरच्या मुलीने गळ्यात हात घालून नाडीला ओवलेली किल्ली बाहेर काढली. "कुलूप उघडते, बाई. मग डाळ गरम करते, भावाला भरवते आणि गॅस खालून बंद करते." खालून म्हणजे सिलिंडरवरून, हेही तिनेच समजावलं. आणखी कुणाकडे किल्ली आहे, असं विचारलं तर अकरा हात वर आले.

माझ्या टाचणवहीत त्या दिवशी पाठ होता, 'स्वतःची काळजी घेणे'.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी केली. निर्णय घेणं, अडचण सोडवणं, ताणाला तोंड देणं, दुसऱ्याचं मन ओळखणं वगैरे. जगभरच्या अभ्यासक्रमांत ती फिरते आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८पासून आनंदाचा रोजचा तास सुरू झाला, त्याची वर्तमानपत्रांतून चर्चाही खूप झाली. ही यादी हातात घेऊन मी त्या आठ वर्षांच्या मुलीचे गुण मोजू लागले, तर ती बहुतेक रकान्यांत पास झाली. भाऊ रडतोय तो भुकेने की आईच्या आठवणीने, हे ती आवाजावरून सांगायची. माझ्या बी.एड.च्या पुस्तकात ते नव्हतं.

म्हणून जीवनकौशल्यांच्या विषयाकडे मी जरा तिरक्या नजरेने बघते. आमच्याकडच्या मुलांना कौशल्यं परिस्थितीने केव्हाच शिकवली आहेत, तीही वेळेआधी. त्यांच्याकडे नाही ते "आज काय झालं रे?" असं विचारून उत्तर संपेपर्यंत थांबणारं मोठं माणूस. आणि हे माणूस पाठ्यपुस्तकातून येत नाही.

हे मोठं माणूस असतं कुठे? आमचं नालासोपारा ज्यात येतं ती वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी झाली. २०११च्या जनगणनेत इथली वस्ती बारा लाखांवर गेली होती. त्यातली निम्मी माणसं तरी पहाटे लोकलच्या दारात लटकत असावीत, असं फलाटावर उभं राहिल्यावर वाटतं. पश्चिमेच्या वाड्यांमध्ये अजून ओटा आहे, ओट्यावर आजी आहे. पूर्वेच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत आजी गावी राहिलेली असते, जौनपूरला किंवा जळगावला. मुलाला राग येतो तो घरच्या भाषेत, रडू येतं तेही त्याच भाषेत. कुणाची भोजपुरी, कुणाची वाडवळी, कुणाची कादोडी. शाळेत मात्र "हाऊ आर यू?" विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "फाइन, टीचर" म्हणतो. त्या 'फाइन'खाली काय काय दडलेलं असतं!

माझाच एक प्रसंग. शेवटच्या बाकावर झोपलेल्या मुलाला मी तासभर उभं ठेवलं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, हे पाठ असूनही. मधल्या सुट्टीत त्याच्या मित्राने हळूच सांगितलं, त्यांच्या चाळीत पाणी रात्री दोनला येतं आणि हंडे तोच भरतो. दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली. तो इतका गोंधळला की त्यानेच मला "सॉरी" म्हटलं. मोठं माणूस माफी मागतं, हा नातेसंबंधांचा पाठ त्या दिवशी वर्गाने बघितला. मूल्यमापनाच्या नोंदीत मी तो लिहिला नाही.

राज्याचे प्रयत्न मी उडवून लावत नाही. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९मध्ये बीड जिल्ह्यातल्या शाळांत सुरू केलेलं 'मूल्यवर्धन' पुढे राज्यभर गेलं. जोडीत, गटात बसून मुलं तिथे एकमेकांशी बोलतात, आणि मुलं बोलतात तिथे ते जिवंत असतं. मार्च २०२४मध्ये 'आनंददायी शनिवार'चा शासन निर्णय आला. दप्तर नसलेला शनिवार मुलांना मनापासून आवडतो. अडचण एवढीच की कार्यक्रम झाला की त्याचा फोटो लागतो. प्राणायामात सगळे डोळे मिटून बसतात, बाई सोडून. बाईंच्या हातात मोबाइल असतो.

खरं तर यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नव्हती. विरारहून डहाणूची लोकल पकडली की बोर्डी-कोसबादच्या टापूत पोहोचतो. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७मध्ये दोघी कोसबादच्या टेकडीवर गेल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. मोठ्या मुली येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं भावंड असायचं. त्यांना जबाबदारीवर व्याख्यान न देता शाळेला पाळणाघर जोडलं. पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात, तिचं नाव विकासवाडी. मुलगे गुरांमागे जात, म्हणून शाळा कुरणावर गेली, ती कुरणशाळा. आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हाही शिक्षणाचाच भाग होता. मुलाच्या अंगावरून मायेने हात फिरतो, तेव्हा आपण कुणीतरी आहोत हे त्याला कळतं. याला आज 'वेलबीइंग' म्हणतात.

आमच्या वसई तालुक्यातही उसगावच्या 'विधायक संसद' या संस्थेने १९९०च्या दशकात वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराचं झोपडं. मूल भट्टीवर, म्हणून शाळाही भट्टीवर. या सगळ्यांनी आधी स्वतःची सोय बाजूला ठेवली आणि शाळेचं वेळापत्रक, जागा, हद्द मुलासाठी हलवली. आपण नेमकं उलटं करतो. व्यवस्था जागच्या जागी ठेवतो आणि मुलाने ताण कसा सहन करावा, याचा तास घेतो.

आता कुरण नाही आणि भट्ट्याही दूर सरकल्या. आताचं कुरण म्हणजे दुपारी साडेबारा ते संध्याकाळी आठ. शाळा सुटते आणि आई विरार फास्टमधून उतरते, त्यामधले साडेसात तास. ते मोबाइल, गॅस आणि शेजारची काकू यांच्या भरवशावर जातात. त्या काकूचे उपकार कुठल्याच अहवालात येत नाहीत. वर्गात 'माझी जवळची व्यक्ती' लिहायला दिलं, तेव्हा तीन मुलींनी आईऐवजी काकूचं नाव लिहिलं.

वसई-विरारमधल्या अनेक सोसायट्यांना एक हॉल असतो. गणपतीला उघडतो, वार्षिक सभेला उघडतो, एरवी त्याला कुलूप असतं. त्यात एक चटई, एक पंखा आणि निवृत्त झालेलं एखादं माणूस असलं तर दुपारचं अंगण तयार होतं. या दिवाळीत एवढं करा, तुमच्या सोसायटीच्या हॉलची किल्ली कुणाकडे आहे ते शोधून काढा.