पंगत आणि वही

फराळाच्या ताटातली पिठीसाखर कुणाच्या हातची, असे विचारले तर आपण वाण्याचे नाव सांगू. फार तर साखर कारखान्याचे. ऊस तोडणारा आपल्याला आठवत नाही. बीड जिल्ह्यातला हा माणूस दसरा-दिवाळीच्या सुमारास बायकापोरांसह गाव सोडतो, कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात जातो आणि उन्हाळा लागल्यावर परततो. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. आजारी पडला तर खाडा. खाड्याच्या भीतीने बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याचा बोभाटा २०१९ साली झाला, तेव्हा सरकारने चौकशी समिती नेमली.

या माणसाचे श्रद्धास्थान म्हणजे गड. नगद नारायण महाराजांचा नारायणगड, ज्याला लोक धाकटी पंढरी म्हणतात. आणि तिथूनच बाहेर पडलेल्या भगवानबाबांनी उभारलेला भगवानगड. गडाच्या पंगतीत मुकादम आणि कोयता शेजारी बसतात. मग जो गड त्याला जेवू घालतो, त्याने त्याच्या मजुरीविषयीही बोलावे काय?

नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. अन्नदानाने कुणी दुखावत नाही. हक्काची गोष्ट काढली की दुखावणारा समोरच्याच पंगतीत असतो. शिवाय गड बोलू लागला की पुढारी पायऱ्या चढू लागतो. २०१६ साली भगवानगडाने दसऱ्याच्या राजकीय भाषणाला नकार दिला, तो मला योग्य वाटतो. पण पुढाऱ्याला मज्जाव करणे निराळे आणि खाड्याला कीर्तनात मज्जाव करणे निराळे. २०२४ च्या दसऱ्याला नारायणगडावर आरक्षणासाठी प्रचंड मेळावा भरला. हक्काची भाषा गडाला परकी नाही, हे तरी त्यातून दिसलेच. थोड्याच दिवसांत कोयते गाड्यांत चढले, त्यांच्या मजुरीसाठी मात्र गडावर असा मेळावा भरला नव्हता.

कॅलिफोर्नियात १९६६ साली द्राक्षमळ्यांतले मेक्सिकन मजूर सेझार चावेझ यांच्याबरोबर डेलानोहून सॅक्रामेंटोपर्यंत पायी गेले. पुढे ग्वादालूपच्या मातेची पताका होती. जणू वारीच! मळेवाल्यांतही त्याच धर्माचे लोक होते, म्हणून बिशपांची कुचंबणा व्हायची ती झालीच. तरी १९७० साली त्यांच्या समितीने दोघांना एकत्र बसवून करार घडवायला हातभार लावला.

कायद्यावर विसंबावे, तर १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडचा मजूर बेळगावला गेला तर कायद्याला दिसे, कोल्हापूरला गेला तर दिसत नसे!

गडाने मोर्चे काढावेत असे मी म्हणत नाही. उचलीचा आकडा आणि खाड्याचा दर गडाच्या ओसरीवर, दोन माळकऱ्यांच्या देखत, वहीत लिहिला जावा. उचल घेऊन टोळी पळाली तर मुकादमही बुडतो; तेव्हा त्याला ही वही जड जाऊ नये. गेलीच, तर ती का जड जाते, हे महंतांनी त्याला पंगतीत वाढताना विचारावे.