उजनीचा टक्का आणि पाण्याची प्रत

भीमा नदीवरील उजनी धरणाच्या यशवंतसागर जलाशयात सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. त्यातला ५३.५७ टीएमसी साठा उपयुक्त, तर उरलेला सुमारे ६४ टीएमसी मृत साठा. उपयुक्त साठा संपला की धरण ‘उणे’ पातळीत जाते. २०२४च्या उन्हाळ्यात ही पातळी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. पाऊस, उसाचे क्षेत्र, आवर्तने यांची चर्चा या टक्क्याभोवतीच फिरते. पण टक्का सांगतो ते पाण्याचे प्रमाण. ते पाणी कोणत्या प्रतीचे आहे, हे त्यातून कळत नाही. आणि टंचाईचा निम्मा प्रश्न तिथेच आहे.

उजनीच्या वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन मोठी शहरे आहेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर आणि पवना या धरणांतून उचललेले पाणी वापरानंतर सांडपाणी होऊन मुळा, मुठा आणि पवनेत उतरते. मुळा-मुठा पुढे दौंड तालुक्यात भीमेला मिळते. पावसाळ्यात पुराच्या पाण्यात ही घाण विरळ होते. उन्हाळ्यात मात्र नदीचा स्वतःचा प्रवाह आटतो, शहरांचे सांडपाणी तेवढेच येत राहते आणि जलाशयातले पाणी घटत असते. म्हणजे साठा सर्वांत कमी असतो तेव्हाच प्रतही सर्वांत वाईट असते.

सांडपाण्यावर नेहमीची प्रक्रिया केल्यास त्यातील सेंद्रिय भार बराच उतरतो. नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र वेगळी सोय केल्याशिवाय पुरेसे निघत नाहीत. काठच्या उसाच्या शेतांतून वाहून येणारी खते त्यात भर घालतात. यावर जलपर्णी आणि निळे-हिरवे शेवाळ पोसले जाते. पाण्यावर हिरवी साय धरते. रात्री शेवाळाच्या श्वसनाने आणि मेलेले शेवाळ कुजल्याने प्राणवायू घटतो, मासे तडफडतात. या शेवाळाच्या काही जाती विषारी द्रव्ये सोडतात. असे पाणी पिण्याजोगे करताना जलशुद्धीकरण केंद्रांचा खर्च वाढतो, आणि सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन नवी अपायकारक संयुगेही तयार होतात.

प्रदूषण हा अशा रीतीने पाणी घटण्याचाच एक प्रकार ठरतो. भूजलाबाबत हे आणखी खरे आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बसाल्ट खडकाचा. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरात. हा साठा मुळात तोकडा, आणि विहिरीत एकदा नायट्रेट उतरले की ते सहजी निघत नाही.

१९७४च्या जलप्रदूषण कायद्याखाली ठरलेली मानके मुख्यतः सांडपाण्याच्या प्रत्येक लिटरमागील दूषणाचे प्रमाण पाहतात. शहर वाढत गेले तर प्रत्येक केंद्र मानकात राहूनही नदीवरचा एकूण भार वाढतच जातो. म्हणून मोजमाप नदी आणि जलाशय किती पेलू शकतात, यावरून व्हायला हवे. प्रक्रिया केलेले पाणी शेतीला वळवल्यास धरणांतले तेवढे ताजे पाणी वाचते. पुण्यातील मुंढव्याच्या जॅकवेलमागे, म्हणजे असे पाणी उचलून शेतीच्या कालव्यात सोडणाऱ्या विहिरीमागे, हाच विचार आहे. पण प्रक्रिया अपुरी असेल, तर नदीतली घाण शेतात आणि विहिरीत जाते, एवढाच फरक पडतो. त्यामुळे फॉस्फरस काढणारी प्रक्रिया, खतांचा नेमका वापर आणि साठ्याच्या टक्क्याबरोबर पाण्याची प्रत जाहीर करणे या तिन्ही गोष्टी एकत्र व्हायला हव्यात. वरच्या शहराचा सांडपाण्यावरील खर्च टाळला जातो तेव्हा तो संपत नाही; खालच्या शहराच्या पाणीपट्टीत आणि दवाखान्याच्या बिलात जमा होतो. पाणीवाटपाच्या हिशेबात तो मांडला गेला पाहिजे.