ओढवून घेतलेले संकट आणि वाचवणाऱ्याचे कर्तव्य

डोंगरातल्या खडकाळ वाटेवरून सायकल खाली सोडणारा स्वार पडतो तेव्हा बहुतेक वेळा हँडलवरून पुढे फेकला जातो. आधी हात टेकतात, म्हणून मनगट किंवा कॉलरबोन मोडते. वेग जास्त असला तर डोके, मान, पाठीचा कणा. गावात अशी दुखापत झाली तर जखमी थोड्याच वेळात रुग्णालयात पोहोचतो. अमेरिकेच्या युटा राज्यात मोआब गावाजवळ ‘होल एन्चिलाडा’ नावाची सायकलस्वारांची प्रसिद्ध वाट आहे. ती ला साल पर्वतात सुमारे ११,००० फुटांवर सुरू होते आणि कोलोरॅडो नदीच्या काठी, सुमारे ४,००० फुटांवर संपते. खालच्या टप्प्यात ती बराच काळ कड्याच्या धारेने जाते. तिथे रुग्णवाहिका पोहोचत नाही. एकाच चाकाच्या स्ट्रेचरवर जखमीला बांधून सहा-आठ माणसे तो तोलत उतरवतात, दमली की दुसरी माणसे हात लावतात; नाही तर हेलिकॉप्टर बोलवायचे, आणि कड्याजवळच्या वाऱ्यात ते चालवणे हाही जिवाशी खेळ. हे करणाऱ्यांत स्वयंसेवकांचा भरणा मोठा असतो. पडलेला माणूस तिथे कामासाठी गेलेला नसतो, कोणी त्याला पाठवलेले नसते. तो मौजेसाठी गेलेला असतो. अशा माणसासाठी दुसऱ्याने स्वतःचा जीव धोक्यात घालावा, हे कर्तव्य म्हणायचे की केवळ औदार्य?

‘स्वतःच्या हाताने केले, आता भोगा’ हे उत्तर सर्वांत आधी सुचते आणि त्यामागे एक नीट मांडलेला विचारही आहे. कायदा आणि नीतीचे अभ्यासक रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९८१ मध्ये दैवाचे दोन प्रकार सांगितले. एक, माणसाच्या निवडीशी संबंध नसलेले, जसे अंगावर कोसळणारी वीज. दुसरे, त्याने जाणूनबुजून पत्करलेल्या जोखमीतून आलेले, जसे जुगारातली हार. पहिल्याची भरपाई समाजाने करावी, दुसऱ्याची जबाबदारी ज्याची त्याची. माउंटन बायकिंग दुसऱ्या प्रकारात बसते यात शंका नाही. या खेळाने धोका कधी लपवलाही नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात ज्या ‘रिपॅक’ शर्यती सुरू झाल्या त्यांचे नावच मागच्या चाकाच्या ब्रेकवरून पडले: उतारावर हबमधले ग्रीस जळून जाई आणि पुढच्या फेरीआधी ते पुन्हा भरावे लागे. जुन्या, जड सायकली आणि असले ब्रेक घेऊन डोंगर उतरणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते.

तरीही हा युक्तिवाद शेवटपर्यंत टिकत नाही. तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँडरसन यांनी १९९९ मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप अजून नीट खोडला गेलेला नाही. निवड हाच निकष धरला तर बेदरकार चालकाला रस्त्यावर रक्तबंबाळ अवस्थेत सोडून पुढे जाणेही न्याय्य ठरते, आणि असा समाज समतेचा म्हणता येत नाही. शिवाय ‘निवड’ हा शब्द इथे फार ढिला वापरला जातो. स्वार वाट निवडतो. कालच्या पावसाने सुटलेला दगड तो निवडत नाही. मोबदल्यासाठी, हौसेसाठी, भक्तीसाठी माणसे रोज जोखीम पत्करतात. तीर्थयात्रेत कड्यावरून घसरलेल्याला कोणी ‘तुला कोणी बोलावले होते’ असे विचारत नाही. सायकलस्वाराला ते विचारावेसे वाटते, कारण त्याची हौस आपल्याला क्षुल्लक वाटते. म्हणजे तक्रार जोखमीची नसून हौसेच्या प्रतीची आहे.

धर्मपरंपरांनी हा प्रश्न पात्रतेच्या अंगाने फारसा सोडवलेलाच नाही. ल्यूकच्या शुभवर्तमानातली चांगल्या शोमरोन्याची कथा जेरुसलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर घडते. ही वाट ओसाड डोंगरांतून हजार मीटरच्या आसपास खाली जाते. त्या वाटेवर एकट्याने निघालेल्या आणि लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला अविचारी म्हणता आले असते, पण कथेत त्याच्या शहाणपणाची चौकशी कोणी करत नाही. चौकशी होते ती त्याला तसाच टाकून बाजूने निघून गेलेल्या दोघांची. यहुदी धर्मशास्त्रात जीव वाचवण्यासाठी शब्बाथचे नियम बाजूला ठेवता येतात, नव्हे, ठेवावेच लागतात. कुराणाच्या पाचव्या सूरेत एक जीव वाचवणे हे सगळी मानवजात वाचवण्यासारखे मानले आहे.

कर्मसिद्धान्त मानणाऱ्यांपुढे अडचण जास्त खरी आहे. पडणे हे पूर्वकर्माचे फळ असेल तर त्यात हात घालणारा कोण? अठराव्या शतकात जैन तेरापंथाचे संस्थापक आचार्य भिक्षू यांनी या प्रश्नाला बगल दिली नाही. त्यांनी दयेचे लौकिक आणि लोकोत्तर असे दोन भाग केले. जीव वाचवणे हे लौकिक, आत्म्याला पापापासून वाचवणे हे लोकोत्तर. ही मांडणी तेव्हाही वादग्रस्त ठरली. पण तिच्यातही जीव वाचवण्याला लौकिक कर्तव्याचे स्थान आहे. तिचा आक्षेप एवढाच, की त्यातून मोक्षाचा हिशेब मांडू नये. आणि कर्माचा नियम नीट लावला तर तो बघ्याच्या बाजूने उभा राहत नाही. पडलेल्याचे कर्म त्याच्यापाशी. पण हाक ऐकू आल्यानंतर थांबायचे की निघून जायचे हे ऐकणाऱ्याचे नवे कर्म आहे, आणि त्याचे फळ दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

पात्रता न विचारता वाचवण्याच्या विचाराला डोंगरात दगडमातीचे रूप आले ते आल्प्समध्ये. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, २,४६९ मीटर उंचीवर, मेंथॉनच्या बर्नार्डने अकराव्या शतकात धर्मशाळा उभारली. तिथल्या संन्याशांनी बर्फात अडकलेल्यांना शोधून आणण्याचे काम शतकानुशतके केले. त्यांचे कुत्रे जगभर प्रसिद्ध झाले, संन्याशांची नावे मात्र कोणाला माहीत नाहीत. खिंड ओलांडणाऱ्यांत यात्रेकरू होते तसे व्यापारी, सैनिक आणि चोरटा माल नेणारेही होते. १९२३ मध्ये पोप पायस अकरावे यांनी बर्नार्डला गिर्यारोहकांचा संरक्षक संत म्हणून जाहीर केले. हे पोप तरुणपणी स्वतः मोंते रोझा चढलेले होते, त्यामुळे हौसेखातर जीव धोक्यात घालणाऱ्यांविषयी त्यांना आपुलकी असणे स्वाभाविक होते.

पात्रतेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मर्यादेचा प्रश्न उरतो, आणि तोच अधिक अवघड आहे. कालिदासाच्या रघुवंशात दिलीप राजा नंदिनी गायीला वाचवण्यासाठी स्वतःचा देह सिंहापुढे ठेवतो. सिंह त्याला सुनावतो, की थोडक्यासाठी फार मोठे गमावायला निघालेला तू विचारमूढ दिसतोस. काव्यात दिलीप जिंकतो, कारण सिंह मायेचा असतो. कडा मायेचा नसतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या माउंट रेनियरवर चार गिर्यारोहकांच्या सुटकेचे काम चालू असताना राष्ट्रीय उद्यानाचा एक रेंजर घसरून मृत्यू पावला. गिर्यारोहक चौघेही वाचले. म्हणून बचावपथकांच्या प्रशिक्षणात क्रम ठरलेला असतो: आधी स्वतःची सुरक्षितता, मग पथकाची, मग जखमीची. बाहेरून पाहणाऱ्याला हा क्रम निष्ठुर वाटतो. प्रत्यक्षात तो दिलीपाला सिंहाने दिलेल्या सल्ल्याचा स्वीकारण्याजोगा भाग आहे. फ्रान्सच्या दंडसंहितेतही संकटातल्या माणसाला मदत न करणे हा गुन्हा आहे, पण स्वतःला किंवा इतरांना धोका नसेल तेव्हाच. इंग्लिश परंपरेच्या कायद्यात तर अनोळखी माणसाला वाचवण्याचे सर्वसाधारण बंधनच नाही. तत्त्वज्ञ जे. ओ. अर्म्सन यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले, की कर्तव्याच्या पलीकडे जाणारी कृत्ये नीतिशास्त्राने वेगळी ओळखली पाहिजेत; संताकडून आणि वीराकडून जे घडते त्याची मागणी इतर कोणाकडे करता येत नाही. कड्यावर दोर लावून उतरणारा स्वयंसेवक कर्तव्य आणि कर्तव्यापलीकडचे कृत्य यांच्या सीमेवर असतो. पथकात नाव नोंदवून त्याने काही धोका आधीच पत्करलेला असतो, पण सगळा नव्हे. वादळात ‘आत्ता नाही, उजाडल्यावर’ असे म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो, आणि तो वापरल्याबद्दल त्याला दोष देणे अन्याय आहे.

मग स्वार काही देणे लागतो की नाही? १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी असे तत्त्व मांडले, की संकट वाचवणाऱ्याला आपणहून बोलावते. म्हणून निष्काळजीपणाने संकट निर्माण करणारा हा वाचवणाऱ्यालाही जबाबदार असतो. प्रकरण रेल्वेचे होते, पण पुढे काही न्यायालयांनी स्वतःलाच संकटात लोटणाऱ्यालाही हे तत्त्व लावले. इथून सुटकेच्या खर्चाच्या बिलाकडे वळणे सोपे आहे. न्यू हॅम्पशायर राज्य निष्काळजी ठरलेल्यांकडून शोधकार्याचा खर्च वसूल करते. त्यामागे एक रास्त भीतीही आहे: सुटका फुकट आणि हमखास असली, त्यात फोनवरून थेट उपग्रहाला हाक देता येऊ लागली, तर माणसे अधिक बेफिकीर होतील. १९५९ मध्ये ओरेगनमध्ये स्थापन झालेल्या माउंटन रेस्क्यू असोसिएशनने मात्र शुल्काला सतत विरोध केला आहे. बिलाच्या धास्तीने जखमी उशिरा हाक देतो, तोवर अंधार पडतो, आणि पथकाचा धोका वाढतो. सह्याद्रीत लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र किंवा खोपोलीचे यशवंती हायकर्स दरीत उतरतात तेही स्वयंसेवक म्हणूनच.

या वादात बिल आणि ऋण यांची गल्लत होते. बिल फेडले की संबंध संपतो. ऋणाचे तसे नाही. तीन ऋणे सर्वांना माहीत असतात. शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीला चौथे, मनुष्यांचे ऋण सांगितले आहे, आणि ते आल्यागेल्याला आसरा व अन्न देऊन फेडायचे असते. म्हणजे ज्याने दिले त्यालाच परत करायचे नाही, पुढच्याला द्यायचे. स्वाराचे देणे या जातीचे आहे. एकट्याने न जाणे, कुठल्या वाटेने चाललो ते कोणाला तरी सांगून निघणे, हेल्मेट आणि प्रथमोपचाराचे सामान जवळ ठेवणे, वाटेत दुसरा पडलेला दिसला तर आपली फेरी सोडून थांबणे: हे सगळे त्या ऋणाचे हप्ते आहेत, आणि ते पडण्याआधी भरायचे असतात.

कोलोरॅडो राज्याने याच धर्तीची व्यवस्था केली आहे. तिथे डोंगरात जाणारे लोक काही डॉलरचे एक ऐच्छिक कार्ड घेतात; त्या पैशातून बचावपथकांचा खर्च भागवला जातो. ते कार्ड विमा नाही. ते खिशात नसलेल्या सायकलस्वारालाही पथक तितक्याच तातडीने शोधायला निघते आणि सुटकेचे बिल पाठवत नाही.