अजून न आलेल्या दुःखाचे देणे

प्राण्यांवरची करुणा ही मराठी भक्तिपरंपरेला नवी गोष्ट नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, रामेश्वराला वाहायची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती करणारे एकनाथ आणि सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देणारा युधिष्ठिर यांच्या कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. या साऱ्या कथांत करुणा जागी होते ती जीव समोर असताना, त्याची भूक, तहान किंवा निराधारपण डोळ्यांना दिसत असताना. पण नीट जेवणाऱ्या, अंगणभर बागडणाऱ्या कुत्र्याला ठरल्या तारखेला पशुवैद्याकडे नेणे, लस टोचून घेणे, जंतनाशक देणे, दात आणि वजन तपासून घेणे, यात दुःखी जीव समोर नसतोच. म्हणून हे काम हौसेचे किंवा ऐपतीचे समजले जाते. माझ्या मते ते धर्माचे काम आहे. ज्याने प्राणी पाळला, त्याच्यावर त्या प्राण्याच्या अजून न आलेल्या दुःखाचेही देणे असते.

टाळण्याजोगे दुःख कोणते, हा प्रश्न पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात घेतला आहे आणि त्यांचे उत्तर आहे, अजून न आलेले. व्यासभाष्य त्याचे कारण देते. झालेले दुःख भोगून संपलेले असते, चालू दुःख भोगले जातच असते. टाळता येते ते फक्त पुढचे. सूत्राचा रोख साधकाच्या मुक्तीकडे आहे हे खरे, पण मुक्या जनावराच्या आजारांना हा विचार फार नेमका लागू पडतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर कुत्र्याला वाचवणारा उपचार नाही. वेळेवर दिलेली लस मात्र वाचवते. कुत्र्यांच्या पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची साथ 1978 च्या सुमारास जगभर पसरली. आजही तिच्यावरचा उपचार म्हणजे मुख्यतः सलाईन आणि अहोरात्र शुश्रूषा, आणि तरीही अनेक पिल्ले दगावतात. आईकडून मिळालेले संरक्षण पिल्लाच्या अंगात असेपर्यंत तेच लसीला अडवते आणि ते नेमके कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पावसाळी पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार येतो, गोचिडांतून रक्ताचे आजार येतात, नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात उतारवयात पू साचू शकतो. मांजर तर दुखणे लपवते. मूत्रपिंडाचे बरेचसे काम थांबेपर्यंत ते चारचौघांसारखे वावरते. रक्ताची आणि लघवीची तपासणी ही गोष्ट आधी सांगू शकते.

हे देणे पाळणाऱ्याचेच का? कारण पाळीव प्राण्याची असहायता आपण घडवलेली असते. त्याने काय खावे, कुठे फिरावे, कधी बाहेर पडावे हे आपण ठरवतो आणि काय दुखते ते त्याला सांगता येत नाही. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना तिच्या मुळाशी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, ठेवला आहे. अशा परावलंबी जिवाच्या बाबतीत हात न उगारणे एवढीच अहिंसा पुरेशी नाही. बेसावध राहणे हीसुद्धा हिंसेचीच वाट ठरते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलमही प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच त्याच्या स्वास्थ्यासाठी योग्य ते उपाय केले पाहिजेत, असे बजावते. आपल्या शास्त्रकारांनी नित्य आणि नैमित्तिक कर्मांत भेद केला. नित्यकर्माचे वेगळे फळ पदरात पडताना दिसत नाही, पण ते चुकवले तर दोष लागतो. आजारावरचा उपचार नैमित्तिक आहे, लस आणि तपासणी नित्य. न झालेला आजार कोणालाच दिसत नाही, म्हणून या कर्माचे कौतुक होत नाही. त्याने त्याची गरज कमी होत नाही.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना ज्ञानेश्वरांनी वैद्यकावरच बोट ठेवले आहे: एका जिवासाठी दुसऱ्याचा घात, औषधासाठी झाडांची मुळे खणणे, साली सोलणे. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. भारतात या शतकाच्या सुरुवातीपर्यंत माणसांना टोचली जाणारी रेबीजची जुनी लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनत असे; आता पेशीसंवर्धनातून बनणाऱ्या लशींनी तिची जागा घेतली आहे. जंतनाशकाने जंत मरतात, औषधाने गोचीड मरतात, हेही खरेच. पण ज्ञानेश्वरांच्या कसोटीचा अर्थ कमीत कमी इजा असा घेतला, तर प्रतिबंधाचे पारडेच जड होते. सुईची क्षणभराची टोच आणि आजाराच्या यातना यांची बरोबरी होत नाही. कुत्र्याची जागा स्वच्छ ठेवून, अंग रोज विंचरून गोचीड होऊच दिले नाहीत, तर नंतर शेकड्यांनी मारावे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप प्रारब्धाचा. प्राण्याचा भोग तो भोगतो, आपण मध्ये का पडावे? संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारले, की सगळे सुखदुःख पूर्वकर्मानेच येते काय. बुद्धांनी ते नाकारले; पित्त, कफ, वात आणि ऋतुबदल यांच्याबरोबर शरीराची नीट निगा न राखणे हेही त्यांनी एक कारण मानले. आणि प्रारब्ध मानले, तरी आपला निष्काळजीपणा हे आपलेच नवे कर्म असते. त्याचा हिशेब प्राण्याच्या नावावर मांडता येत नाही.

तिसरा आक्षेप असा, की माणसांनाच औषध मिळत नसताना जनावरांवर पैसा का घालावा. पण हे दोन हिशेब वेगळे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे रेबीजने मरतात आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश भारतात. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याकडून येतो आणि 70 टक्के कुत्र्यांना लस दिली की प्रसाराची साखळी तुटते. गोव्यात वर्षानुवर्षे घरोघरी आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस देण्यात आली आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तिथे कुत्र्याला दिलेल्या लशीने माणसाचे मूल वाचवले. मात्र याचा अर्थ दिसेल ती लस दरवर्षी टोचत राहावी असा नाही. काही लशींचे संरक्षण तीन वर्षे किंवा अधिक टिकते, काही दरवर्षी लागतात. ते पशुवैद्याला विचारून ठरवावे. नित्यकर्मही समजून करायचे असते.

तेव्हा घरात प्राणी असेल तर त्याचे लसीकरणाचे कार्ड आज काढून पाहा. तारीख उलटली असेल, तर तो आजारी पडण्याची वाट न पाहता याच आठवड्यात त्याला पशुवैद्याकडे न्या. आणि एवढे नित्यनेमाने करणे जमणार नसेल, तर प्राणी पाळू नका; तो निर्णयही धर्माचाच आहे.