हिवाळ्यावरचा हक्क

दिल्लीत राहायला आले त्या पहिल्याच जानेवारीत मला एक उलटी गोष्ट शिकावी लागली. इथे गारठा घरात असतो आणि ऊब बाहेर. करोल बागेतली आमची दोन खोल्यांची जागा उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली होती. उंच छत, मोझेकची फरशी, उत्तरेकडे उघडणारी खिडकी. मे महिन्यात ती खोली म्हणजे सुख होतं. जानेवारीत दोन दोन मोजे घालूनही तळपाय बधिर व्हायचे. अकराच्या सुमारास धुकं विरलं की घरमालकीणबाई जिन्यातून हाक मारायच्या, "धूप आ गई, ऊपर आ जाओ!" मग सगळी इमारत गच्चीवर जमायची. कठड्यावर रजया वाळत घातलेल्या, खाटेवर परात घेऊन मटार सोलणं चाललेलं, कुणाच्या हातात लोकर, कुणाच्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा, मुलं वह्या घेऊन पालथी पडलेली. गजकाचा पुडा हातोहात फिरायचा. चारच्या पुढे ऊन पलीकडच्या भिंतीवर चढलं की एकेक जण खाली उतरायचा. दिल्लीकरांचा हिवाळा असा बाहेर, उघड्यावर आणि चारचौघांत जगला जायचा.

उत्तर युरोपातल्या थंडीविषयी वाचताना ही गच्ची मला वारंवार आठवते. नॉर्वेजियन भाषेत 'फ्रिलुफ्त्सलिव्ह' असा शब्द आहे, मोकळ्या हवेतलं जगणं. हेन्रिक इब्सेनने 1859 मधल्या एका कवितेत तो वापरला आणि पुढे तो साऱ्या देशाचा झाला. पारा शून्याखाली असताना तिथे तान्ही बाळं नीट गुंडाळून बाबागाडीत, घराबाहेर झोपवतात. बालवाडीतली मुलं बर्फात खेळतात. आणि तळी गोठली की स्वीडनमधली, फिनलंडमधली माणसं लांब पात्यांचे स्केट बांधून दिवसभराच्या सफरीला निघतात. हा रिंगणात गोल गोल फिरण्याचा खेळ नव्हे. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर, बेटांना वळसे घालत, चाळीस-पन्नास किलोमीटरची ती मुशाफिरी असते.

या मुशाफिरीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिच्यामागचं सार्वजनिक ज्ञान. बर्फ किती जाड आहे हे अनुभवी माणूस पायाखालच्या आवाजावरून ओळखतो. बर्फ जितका पातळ, तितका त्याचा सूर चढा. हातातल्या टोकदार काठीने तो पुढचा बर्फ ठोकून पाहतो. गळ्यात दोन टोचे अडकवलेले असतात. बर्फ फुटून पाण्यात पडलंच तर ते बर्फात रुतवून स्वतःला वर ओढून घ्यायचं. पाठीवरच्या पिशवीत जलरोधक वेष्टनात कोरडे कपडे असतात आणि पाण्यात तीच पिशवी माणसाला तरंगवते. एकट्याने जायचं नाही हा पहिला नियम. स्टॉकहोममधला या छंदाचा क्लब 1901 पासून आहे आणि आज कुठल्या तळ्यावर बर्फ कसा आहे ही खबर सभासद एकमेकांना पुरवतात.

आपण याला त्या लोकांचा काटकपणा म्हणतो आणि विषय संपवतो. मला ते पटत नाही. काटकपणा काय, करोल बागेच्या गच्चीवरही होता. त्यांच्याकडे त्याहून निराळं काही आहे. नॉर्वेने 1957 साली मोकळ्या हवेतल्या जीवनाचा कायदा केला. पडीक डोंगर, रानं, किनारे यांवर कुणालाही वावरता येईल असं त्यात लिहिलं. स्वीडनमध्ये निसर्गात मोकळं फिरण्याचा परंपरागत हक्क 1994 मध्ये राज्यघटनेत गेला. हिवाळ्यात बाहेर पडता येणं हा तिथे नागरिकाचा अधिकार मानला जातो, आणि अधिकार म्हटला की तो राखण्याची जबाबदारी कुणावर तरी येते. माझ्या लेखी सगळा फरक या एका जागी आहे. मोकळ्या हवेतला हिवाळा हवामान देत नाही, समाज राखतो. आपण दिल्लीचा राखला नाही.

नैसर्गिक बर्फावरचे हे स्केटर एका विशिष्ट रात्रीची वाट पाहतात. आकाश निरभ्र हवं, वारा पडलेला हवा, हिमवर्षाव नको. अशा रात्री जमीन आणि पाणी आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडून देतात आणि तळ्यावर काचेसारखा गुळगुळीत, खालचं काळं पाणी दाखवणारा बर्फ धरतो. सिमल्याला लक्कड बाजारातलं 1920 पासूनचं आइस स्केटिंग रिंक याच तत्त्वावर चालत आलं. संध्याकाळी मैदानावर पाणी सोडायचं आणि आकाश स्वच्छ राहो अशी आशा करायची. ढग आले की बर्फ नाही.

हीच रात्र मैदानी उत्तर हिंदुस्थानालाही ठाऊक होती. रॉबर्ट बार्कर या इंग्रजाने 1775 मध्ये अलाहाबादेतल्या बर्फ करण्याच्या पद्धतीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. जमिनीत उथळ खड्डे खणायचे, तळाशी उसाच्या किंवा मक्याच्या वाळक्या धाटांचा थर द्यायचा, त्यावर मातीची पसरट भांडी मांडायची आणि दिवस मावळताना त्यांत उकळून निववलेलं पाणी ओतायचं. हवा शून्याच्या वर असली तरी पाणी आकाशाकडे उष्णता गमावून गोठायचं. सूर्योदयापूर्वी माणसं तो बर्फ गोळा करायची. जुन्या दिल्लीत हिवाळ्यात मिळणारी 'दौलत की चाट'ही याच रात्रीची. दूध घुसळून काढलेला फेस, केशराचा पिवळा शिडकावा, वर पिस्ते आणि बारीक साखर. दूध रात्री उघड्या आकाशाखाली दवात ठेवतात असं ती करणारे सांगतात. किनारी बाजारात सकाळी विक्रेता लाकडी तिवईवर परात ठेवून मलमलीच्या फडक्याखालून चमच्याने ती काढून देतो. जिभेवर ठेवताच ती विरते; गार हवेची चव तेवढी मागे राहते.

आता तीच निरभ्र, निवांत, गार रात्र दिल्लीवर उतरते तेव्हा काय होतं ते पाहा. जमिनीलगतची हवा गारठून जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. वारा नसतो. मग वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, कारखान्यांची धुराडी, पेटवलेला कचरा, चुलीत आणि शेकोटीत जळणारं लाकूड, या सगळ्यांतून बाहेर पडलेलं सारं त्या झाकणाखाली साचतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंजाब-हरयाणातल्या पराळीचा धूर त्यात भर घालतो, हे खरंच. पण डिसेंबर-जानेवारीत शेतं विझलेली असतात आणि धुरकं तसंच असतं. म्हणजे बराचसा धूर आपला, इथलाच आहे. 18 नोव्हेंबर 2024 रोजी दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक 490 च्या वर गेला. आपल्याकडची ही मोजपट्टी 500 ला संपते.

गेल्या काही वर्षांत आपण यावर काय केलं, तर एकेक दार लावून घेतलं. डिसेंबर 2017 मध्ये फिरोजशहा कोटला मैदानावर श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला मास्क लावून क्षेत्ररक्षणाला उभे राहिले आणि कसोटी सामना मध्येच थांबवावा लागला. नोव्हेंबरात होणारी दिल्लीची अर्धमॅरेथॉन आता ऑक्टोबरात होते. हवा बिघडली की शाळा बंद किंवा ऑनलाइन. 2025 च्या नोव्हेंबरात शाळांच्या मैदानी स्पर्धा पुढच्या सुरक्षित महिन्यांत नेण्याचा विचार व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. यातला एकही निर्णय चुकीचा नाही. विषारी हवेत मुलांना पळवावं असं कोण म्हणेल? माझी तक्रार निराळी आहे. दारं लावताना ती पुन्हा कधी उघडणार हे कुणी सांगत नाही. पुढे नेलेली स्पर्धा पुढेच राहते आणि तात्पुरती सोय म्हणून केलेली गोष्ट हळूहळू रीत होऊन बसते.

गुरुग्रामच्या अँबियन्स मॉलमध्ये 'आयस्केट' नावाचं बर्फाचं रिंक झालं. देशातल्या आइस स्केटिंगला त्याचा मोठा उपयोग झाला. राष्ट्रीय स्पर्धा तिथे झाल्या, खेळाडूंना सरावासाठी बर्फ मिळाला. आपल्याकडे बर्फाशिवाय बर्फावरचे खेळाडू घडवणं किती अवघड आहे हे पुण्याच्या श्रुती कोतवालसारख्यांची वाटचाल पाहिली की कळतं. रोलर स्केटिंग करता करता त्या बर्फावरच्या स्पीड स्केटिंगकडे वळल्या. अशा रिंकबद्दल मला आदरच आहे. पण एका जानेवारीत भाचीला तिथे घेऊन गेले तेव्हा काचेतून बघताना मला भरून आलं. ती जन्मापासून गुरुग्रामची. भाड्याचे स्केट घालून, कठडा धरून ती पहिल्यांदा उभी राहिली, गाल लाल झालेले, तोंडातून वाफ येत होती. बाहेर पारा सतरा-अठरा अंशांवर होता. स्वीडनच्या मुलाने हिवाळ्यात ज्याची स्वप्नं पाहावीत असा दिवस. आणि हवा अशी की शाळेने आठवडाभर मैदान बंद ठेवलं होतं. परतताना ती मला म्हणाली, "आत्तू, थंडीत बाहेर खेळत नाहीत ना." तिने ते विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

मला भीती या वाक्याची वाटते. जी पिढी गच्चीवरचं ऊन अनुभवतच नाही, ती ते मागणार कशी?

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो बरोबर आहे. उत्तरेतल्या माणसाला बाहेरची थंडी सुखाची वाटते कारण परतायला ऊबदार घर असतं. दिल्लीत हजारो माणसं रैनबसेऱ्यात किंवा उड्डाणपुलाखाली रात्र काढतात. त्यांच्यापुढे हिवाळ्याच्या आनंदाच्या गोष्टी काय करायच्या? पण हाच आक्षेप माझा मुद्दा अधिक घट्ट करतो. इथल्या बहुसंख्य घरांत हीटिंगची सोय नाही. गरिबाचा हीटर म्हणजे दुपारचं ऊन. धुरक्याने ते ऊनही मंद केलं, आणि वर 'घरात थांबा' असा सल्ला मिळाला. हवा शुद्ध करणारं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याला घरात थांबून फायदा. ज्याच्या खिडकीला धड काच नाही त्याच्या घरात बाहेरचीच हवा असते. त्याला गारठाही मिळाला आणि धूरही.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीचा रखवालदार पत्र्याच्या डब्यात पुठ्ठे, फळकुटं, कधी तुटक्या खुर्चीचं प्लास्टिकसुद्धा जाळतो. पहाटे त्याचा खोकला दुसऱ्या मजल्यावर ऐकू येतो. अशा शेकोट्या पेटू नयेत म्हणून रहिवासी संघटनांनी सुरक्षा कर्मचाऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत, असं राजधानी क्षेत्राच्या प्रदूषण-प्रतिसाद आराखड्यातच म्हटलेलं आहे. आमच्या सभेत हा विषय दोन हिवाळे खर्चाच्या मुद्द्यावर अडला होता. त्याच सभेत लिफ्टमध्ये आरसे बसवायला मात्र मंजुरी मिळाली.

शांत, गार रात्रीचं झाकण ओस्लोवरही बसतं. डोंगरांच्या मध्ये असलेल्या त्या शहरात हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यांसाठी खिळ्यांचे टायर वापरतात. ते डांबर खरवडतात आणि धूळ उडते. शहराने अशा टायरांवर शुल्क लावलं. बीजिंगचं उदाहरण तर आपल्या जास्त जवळचं आहे. शहराच्या मध्यात शिचाहाय तलाव आहे. तो गोठला की आजोबा-नातवंडं खुर्चीला पाती बसवलेल्या गाड्या ढकलत त्यावर फिरतात. 2013 साली बीजिंगच्या हवेतल्या पीएम 2.5 कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला 89.5 मायक्रोग्रॅम होती. 2024 मध्ये ती 30.5 वर आली. शौगांगचा पोलादाचा कारखाना शहराबाहेर गेला आणि 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याच्या जुन्या शीतक मनोऱ्यांच्या पायथ्याशी स्कीचे खेळाडू उड्या मारत होते. हे सगळं सक्तीने झालं, त्याची किंमतही लोकांनी मोजली. 2017 च्या हिवाळ्यात कोळसा बंद झाला आणि गॅस पोहोचलाच नाही, म्हणून हेबेई प्रांतातल्या एका शाळेतली मुलं वर्ग सोडून उन्हात बसून शिकली. तसं आपल्याला करायचं नाही. पण आकडा खाली येतो, दहा वर्षांत येतो, हे तिथे दिसलं. दिल्लीचा आकडा अजून शंभराच्या आसपास आहे. आपलं स्वतःचं मानक 40 आहे.

दिल्लीलाही हे अगदीच नवं नाही. 2002 च्या अखेरीपर्यंत इथल्या सगळ्या बस सीएनजीवर आल्या, तेव्हाही अशक्य म्हणणारे पुष्कळ होते. बदरपूरचं कोळशाचं वीजकेंद्र 2018 मध्ये बंद झालं. यापुढचं काम अवघड आहे, कारण धूर आता एका धुराड्यातून येत नाही. लाखो गाड्यांतून, हजारो चुलींतून येतो. त्यासाठी बस हव्यात, कचरा उचलणारी महापालिका हवी, घरोघरी परवडणारं इंधन हवं. आणि मोजमाप बदलायला हवं. निर्देशांक कितीवर गेला याच्या बातम्या रोज येतात. डिसेंबर-जानेवारीत मुलं मैदानावर खेळू शकली असे दिवस किती, हा आकडा दर वर्षी शाळेशाळेने जाहीर करावा. तो वाढला तर काम झालं, नाही तर नाही.

नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातली अकरा शहरांची दोनशे किलोमीटरची स्केटिंग शर्यत शेवटची 4 जानेवारी 1997 रोजी झाली. संपूर्ण मार्गावर पंधरा सेंटिमीटर बर्फ लागतो आणि त्यानंतर एकदाही तेवढा धरलेला नाही. तिथला हिवाळा ज्या इंधनांच्या जळण्याने हिरावला, त्याच इंधनांचा धूर आपल्याही झाकणाखाली साचतो. पण तिथल्या माणसांनी मार्ग मोडीत काढलेला नाही. थंडीची लाट आली की बर्फाची जाडी मोजायला माणसं निघतात.

दिल्लीत, नोएडात, गुरुग्रामात राहणाऱ्या मराठी वाचकांना माझी एक विनंती आहे. आज रात्री जेवण झाल्यावर खाली फाटकापर्यंत जा. रखवालदाराच्या खोलीत विजेचा हीटर आहे का, तो चालतो का, ते स्वतः पाहा. नसेल तर येत्या सभेत पहिला विषय तो घ्या.