न झालेल्या गोलाचा जमाखर्च

कोल्हापुरात माणसाला आधी पेठ असते, मग तालीम आणि मग जमलंच तर मत. इथल्या फुटबॉल संघांची नावंसुद्धा कुस्तीच्या तालमींची! अशा गावात शाहू स्टेडियमवर यंदा दिलबहारकडून आणि पुढच्या हंगामात पाटाकडीलकडून खेळणारा बॅक म्हणजे दरवर्षी सासर बदलणारा जावई. गोल मारणाऱ्यानं तालीम बदलली, तर त्याचा भाव वाढला म्हणतात. बॅकनं बदलली, तर म्हणतात, 'निष्ठा न्हाई हो!'

आपला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला. गाव हरखलं, ते योग्यच. पण अडवलेला गोल कुणाच्या नावावर मांडायचा? आम्हा बँकवाल्यांकडेही टळलेल्या नुकसानीचं खातं नसतं. खोटी सही ओळखून चेक परत केला, तर नफ्यात पैसाही वाढत नाही. वर गिऱ्हाईक ओरडतं ते वेगळंच.

मग निष्ठा कुणाशी? मला वाटतं, जर्सीपेक्षा समोरून येणाऱ्या चेंडूशी. कालच्या दोस्ताचा चेंडू जो आज तितक्याच इमानानं अडवतो, त्याला बेइमान कसं म्हणायचं? त्याची कमाई एकच: समोरच्या तालमीपुढं छापलेलं शून्य. त्या शून्याखाली त्याचं नाव छापत नाहीत, एवढंच.